मुकी पाखरं

एक होती सगुणा, आणि एक होती तिची लेक चिंगी. डोंगराखालच्या गावात दोघीच राहायच्या. घर लहान, पण परसातली बाग अशी, की जाणारा-येणारा कुंपणाशी थांबायचा. जास्वंद, लिंबोणी, भोपळ्याचा वेल. आणि स्वच्छ किती म्हणाल! पिकलं पान पडलं रे पडलं, की सगुणा उचलायची. लिंबोणीवर अळी दिसली, की चुलीतली गरम राख टाकायची. शिंपी पाखरानं पानं शिवून घरटं केलं, की काठीनं पाडायची; चिमण्यांनी वळचणीला घरटं केलं, की चुलीत घालायची. म्हणायची, "माझ्या बागेत घाण नको."

मग काय झालं, एका श्रावणात बागेत पाखरू फिरकेना. फुलपाखरू नाही, भुंगा नाही. भोपळ्याची फुलं नुसतीच गळायची, फळ धरेना. सगुणानं ज्वारी टाकली, तर मुंगीसुद्धा आली नाही, बरं का! बाग इतकी गप्प, की आपलाच श्वास मोठा वाटावा.

चिंगी म्हणाली, "आई, मला इथं भीती वाटते."

एकदा भर दुपारी कुंपणाबाहेर एक बाई उभी राहिली. अंगावर विटकं लुगडं, डोक्यावर झाकलेली टोपली. हातभर बांगड्या, पण एक वाजेल तर शपथ!

"पाखरं घे, बाई, पाखरं," ती म्हणाली.

"काय घेशील त्यांचं?"

"घरातला एक आवाज दे. बस."

सगुणाला हसू आलं. आवाज काय, कुणीही देईल! ती म्हणाली, "घे."

बाईनं झाकण उचललं. भराभरा फुलपाखरं निघाली आणि बागेवर पसरली. संध्याकाळी गाय घरी आली, तर गळ्यातली घंटा हलतेय आणि वाजत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आली. चिमण्या देऊन गेली. सकाळी सगुणा दळायला बसली. जातं फिरतंय, पीठ पडतंय, आणि घरघर नाही.

आता तरी थांबावं की नाही? पण बाग भरत चालली होती ना! तिसऱ्या दिवशी सगुणा आपणच कुंपणाशी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी टोपलीतून शिंपी पाखरं निघाली. सगुणा आनंदानं ओरडली, "चिंगे, बघ तरी!"

चिंगी धावत आली. तिनं तोंड उघडलं, ओठ हलवले. आवाजच नाही. पोर घाबरून रडायला लागली, आणि रडण्याचाही आवाज नाही.

सगुणानं बागेकडं पाहिलं. फांदीफांदीवर पाखरं बसलेली. चोची उघडत होती, मिटत होती. कुणी दाणा टिपत नव्हतं. खाली ऊन पडलं होतं, पण एकाचीही सावली नव्हती. तिनं एका फुलपाखराला बोट लावलं. गार! आणि बोटाला राख लागली.

सगुणा धावत सुटली. गावाबाहेर करंजाखाली ती बाई बसली होती, शेजारी टोपली रिकामी.

"बाई, तुझी पाखरं घेऊन जा! माझ्या पोरीचा आवाज दे!"

"माझी कुठली? ती राख ओळखलीस ना? तुझीच आहेत ती, तुझ्या हातानं मेलेली. मी फक्त घरी आणून सोडली."

 सगुणा मटकन खाली बसली. "मग मी काय करू गं?"

"जिवंत पाखरू आपणहून तुझ्याकडं राहिलं, की यातलं एक जाईल. शेवटचं गेलं, की पोर बोलेल."

मग सगुणानं अळ्यांवर राख टाकायचं मडकं फोडलं. मातीच्या पसरट परळात पाणी भरून सावलीत ठेवलं. पाचोळा पडला, पडू दिला. लिंबोणीवर अळ्या झाल्या. आधी पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, मग हिरव्यागार. त्यांनी झाड पार ओरबाडलं. सगुणाचे हात शिवशिवायचे, पण ती पदरात हात गुंडाळून बसायची. एक दिवस कोश फुटला आणि काळं-पिवळं फुलपाखरू बाहेर आलं. तेवढ्यात वेलीवरचं एक गार फुलपाखरू विरून गेलं. मग चिमण्या आल्या, पाण्यात पंख फडफडवू लागल्या. घंटा वाजली, जातं घरघरलं. पण चिंगी मुकीच.

जास्वंदीवर एकच मुकं शिंपी पाखरू उरलं होतं. ते हलेना. चिंगी दिवसभर त्याच्यासमोर बसायची, आणि ते तिच्याकडं बघत राहायचं. 

शेवटी त्याच जास्वंदीवर एका जिवंत जोडीनं पानं शिवली. सगुणानं देवाला फुलं तोडायचंही सोडलं. पिल्लं निघाली, चिवचिवली. तसं ते मुकं पाखरू उठलं, चिंगीच्या डोक्यावरून गेलं आणि दिसेनासं झालं.

"आई," चिंगी म्हणाली, "ते गेलं गं."

सगुणानं तिला जी पोटाशी धरली, ती सोडेचना.

पुढं भोपळे लागले, लिंबोणी फुटली, माय-लेकी सुखात राहिल्या. पण भर दुपारी बाग मधेच गप्प झाली, की सगुणा हातातलं काम ठेवायची आणि हाक मारायची, "चिंगे!" चिंगी "ओ" द्यायची. मगच सगुणा पुन्हा कामाला लागायची.

चला, गोधडी नीट घ्या. मिटा बघू डोळे.