कुंभारवेस स्टेशनचा वाकडा फलाट

मंडळी, जिन्यावरून उतरलात की आधी डावीकडे बघा. फलाट सरळ जातो आणि मधल्या खांबापाशी एकदम उजवीकडे वळतो. भिंतही वळते, छताच्या दिव्यांची रांगही वळते. बाकी सगळी भुयारी स्टेशनं आखल्यासारखी सरळ आहेत. वास्तुकलेची मुलं इथे वह्या घेऊन येतात आणि विचारतात, की असा वाक मुद्दाम दिला का? मुद्दामच ठेवला. पण दिला नव्हता कुणी.

असं सांगतात, की या मार्गाचे दोन बोगदे दोन बाजूंनी खणत आणले होते. ते इथे, जुन्या वेशीखाली, जमिनीच्या पोटात साठ फुटांवर एकमेकांना भेटायचे होते. कामाचे मुख्य इंजिनिअर होते श्रीनिवास खांबेटे. माणूस हुशार, बोलायला कमी. आणि मोजणीदार होते हरिबा लोणारे. वरच्या रस्त्यावरची खूण ओळंब्याने खाली उतरवायची आणि बोगद्याला दिशा द्यायची, हे त्यांचं काम. त्यांचं माप चुकत नाही, असा लौकिक होता म्हणे.

एके दिवशी हरिबा खांबेट्यांकडे गेले. वेशीपाशी पाण्याची नळवाहिनी टाकायला रस्ता खणला होता, त्यात खुणेचा दगड हलल्यासारखा वाटतो, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा मोजायला आठ दिवस काम थांबवा, अशी विनंती केली. उद्‌घाटनाची तारीख ठरलेली होती. खांबेट्यांनी नको म्हटलं. तेव्हा तिथे अकरा माणसं हजर होती आणि सगळ्यांनी ते ऐकलं.

चार महिन्यांनी बोगदे भेटले, तेव्हा दीड हात चुकले.

चौकशी बसली. खांबेट्यांनी सांगितलं, मोजणी लोणाऱ्यांची होती. खोटं नव्हतं ते. फक्त अर्धंच होतं. त्या अकरा जणांना एकेकाला आत बोलावलं आणि हरिबांनी आधी काही सुचवलं होतं का, असं विचारलं. आठवत नाही, असं अकराही जणांनी सांगितलं. नोकऱ्या नव्या होत्या, साहेब मोठे होते. त्यांतले एक माझे वडील. ओळंब्याची दोरी धरायला ते हरिबांच्या हाताखाली होते. काम त्यांनीच शिकवलं होतं वडिलांना.

हरिबांना कामावरून काढलं. भांडण केलं नाही त्यांनी. सामान बांधून गावी गेले.

दीड हाताची चूक लपवायचा बेतही ठरला. वळणाच्या आतून एक पोकळ भिंत उभारायची, म्हणजे फलाट सरळ दिसेल. नकाशे तयार झाले, त्यावर सही तेवढी राहिली. सहीच्या आधी खांबेटे कुणाला न सांगता हरिबांच्या गावी गेले. का गेले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्याकडे म्हणतात, की त्यांना जेवण जात नव्हतं.

गावात पोचले तर हरिबा शाळेच्या मैदानावर मुलांच्या शर्यतीसाठी चुन्याच्या रेघा आखत होते. त्यांनी एक रेघ मोजली. मग परत मोजली. मग तिसऱ्यांदा मोजली. खांबेटे कडेला उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तीनदा कशाला?"

हरिबांनी वर पाहिलं, ओळखलं, आणि शांतपणे म्हणाले, "एकदा मोजलेलं माझं आता कोणी मानत नाही, साहेब. स्टेशन वाकडं करणारा माणूस ना मी."

माफीचे शब्द खांबेट्यांनी वाटेत जुळवले होते म्हणे, त्यातला एकही आठवेना. हरिबांनी टेपचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. दिवस मावळेपर्यंत ते टोक धरून खांबेटे मैदानभर त्यांच्यामागे चालले. निघताना म्हणाले, "तुम्हाला परत कामावर घेतो. ती भिंत उभी करू, म्हणजे कुणी विचारणार नाही."

"भिंत घालू नका," हरिबा म्हणाले. "झाकलंत तर चूक कायमची माझीच राहील."

खांबेटे परतले आणि भिंतीचे नकाशे त्यांनी फाडले. सगळ्या कामगारांना खाली फलाटावर, त्या वळणापाशी बोलावलं, आणि आपण काय ऐकलं होतं, काय लपवलं, ते मोठ्याने सांगितलं. मग राजीनामा दिला. त्या अकरांतले दहा जण त्यांच्यामागून एकेक करून पुढे आले आणि बोलले. माझे वडील आले नाहीत. ताप आल्याचं सांगून ते घरी पडून राहिले होते. ताप नव्हता, हे माझ्या आईने मला पुढे सांगितलं.

हरिबांचा निरोप आला, की रेघा आखायला आपण गावातच बरे. इथे ते परत कधी आले नाहीत.

मी याच स्टेशनवर तेहतीस वर्षं नोकरी केली. पहिल्या दिवशी मलाही वळणापाशी उभं केलं, कारण तोवर रीत पडली होती. नव्या माणसाने आपली एक लपवलेली चूक तिथे बोलायची. ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. मी शाळेतल्या कॉपीचं काहीतरी सांगितलं. वडील तेव्हा हयात होते, त्यांचं नाव घ्यायला धजलो नाही. ते गेल्यानंतर सांगायला लागलो. उशिरा सांगितलेल्याचं मोल कमी असतं, हे मला कळतं.

रीत आजही चालू आहे, आणि म्हातारा म्हणून ऐकायला मला बोलावतात. गेल्या महिन्यात एक मुलगी गाडी चालवायला रुजू झाली. वळणापाशी उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. कुणी घाई केली नाही. तीन गाड्या आल्या, माणसं उतरली, जिना चढून गेली. चौथी गाडी निघून गेल्यावर ती खाली बघत बोलायला लागली.