कातळसांगवीची मुकी खाण

कातळसांगवीच्या भैरोबाच्या आवारात अनवाणी शिरले की आधी तळव्यांना कळते. दरवाजापासून दीपमाळेपर्यंतची फरशी खडबडीत आहे. कडा फुटक्या, सांधे वाकडे, लाद्यांवर घावांचे पांढुरके वण. दीपमाळ ओलांडली की पाय एकदम सपाट दगडावर येतो, आणि तिथून गाभाऱ्यापर्यंत लाद्या अशा जुळल्या आहेत की सांध्यात गवताची काडी शिरत नाही. नवखे पाहुणे हटकून विचारतात, हे दोघा कारागिरांचे काम का? देवळाचे गुरव बजाबा तेव्हा हातातली परडी खाली ठेवतात. “कारागीर एकच होता,” ते म्हणतात, “हत्यारं दोन,” आणि पायरीवर बसून पुढची हकिकत सांगतात.

फार पूर्वी हे आवार नुसते मातीचे होते म्हणे. गावचे पाटील सुभानराव यांचा एकुलता मुलगा तापाने अंथरुणाला खिळला. वैद्याने हात टेकले, तेव्हा पाटलांनी भैरोबाला नवस बोलला की पोर उठून बसले तर चैत्राच्या यात्रेआधी तुझे अंगण दगडाने बांधून देईन. पोर उठले. पाटलांनी लखमोजी पाथरवटाला बोलावणे धाडले.

गावामागच्या डोंगरात लखमोजीच्या घराण्याची खाण होती. तिथला दगड करडा, थराथराचा. तो काढायची रीत लखमोजीला बापाकडून आलेली. थरावर गेरूत भिजवलेल्या दोरीने रेघ मारायची, रेघेवर टाकीने ओळीने खाचा घ्यायच्या, खाचांत वाळक्या बाभळीच्या पाचरी घट्ट बसवायच्या आणि त्यांवर पाणी घालत राहायचे. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि दगड रेघेवर आपसूक उकलतो. लादी सरळ निघते, डोंगराला धक्काही लागत नाही. फक्त वाट बघावी लागते.

पाटील खाणीवर आले आणि पाचरींवर पाणी घालत बसलेली माणसे पाहून अस्वस्थ झाले.

“लखमोजी, ह्या चालीनं पुढच्या यात्रेला आवार व्हायचं.”

“थोडा दम धरा, पाटील. घाईनं दगड सरळ निघत न्हाई.”

“वाकडा निघू दे. देवाला शब्द दिलाय मी. घण घाल.”

लखमोजीलाही एकच मुलगा होता, म्हादू. बापाने पोरासाठी बोललेला नवस म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावायची गरज नव्हती. त्याने पाचरींची रास खाणीच्या कोपऱ्यात सारली आणि घण बाहेर काढले.

मग काम झपाट्याने सुरू झाले. म्हादू अंगापिंडाने भक्कम, त्याला घणाचे काम आवडले. तो आणि त्याचा जोडीदार हैबती घाव घालीत, पहारीने थर उचकटीत, आणि लाद्या गाडीत पडत. बघता बघता फरशी दीपमाळेपर्यंत आली. गाव खूश, पाटील खूश. लखमोजीची झोप मात्र उडाली. प्रत्येक घाव त्याच्या पायातून वर येई. एके दिवशी खाणीच्या माथ्यावरच्या थरात त्याला केसाएवढी भेग दिसली.

“म्हादू, उद्यापासनं पाचरी,” तो म्हणाला.

“आबा, निम्मं तर झालंय,” म्हादू हसून म्हणाला. “यात्रा झाली की बसू पाचरी भिजवत.”

लखमोजीने त्याला आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळात लाद्या बसवीत होता. डोंगराकडून आवाज आला आणि शिखरावरचे पारवे उडाले. हातातली थापी टाकून तो धावत सुटला.

खाणीत धूळ उभी होती. बैलगाडीएवढी एक शिळा माथ्यावरून सुटून खाणीच्या भिंतीला तिरकी टेकली होती, आणि तिच्यामागच्या पोकळीत म्हादू आणि हैबती अडकले होते. वर, जिथून ती सुटली होती, तिथे उरलेला थर अधांतरी लोंबत होता.

“आबा,” आतून म्हादूचा आवाज आला. “आमी हाय. हैबतीचा पाय गावलाय. माझ्या छातीवर भार हाय.”

गाव गोळा झाले. चौघांनी पहारी घातल्या. शिळा हलली नाही, वरून खडी मात्र सांडली, तेव्हा लखमोजीने पहारी काढायला लावल्या. कुणी म्हणाले, दगडावर जाळ करू आणि गार पाणी मारू, म्हणजे तडकेल. पण धूर आत गेला असता. राहिल्या दोन गोष्टी, घण आणि पाचर.

तेवढ्यात म्हादूची बायको सगुणा आली. लग्न होऊन आल्यापासून तिने सासऱ्यासमोर कधी मान वर केली नव्हती. काही हवे असले तर दाराआडून सासूला सांगे, आणि सासू वारल्यावर म्हादूला. त्या दिवशी तिच्या डोक्यावर पदर नव्हता.

“मामंजी, घण घ्या,” ती म्हणाली. “त्यांचा आवाज बारीक व्हाया लागलाय.”

लखमोजीने घण उचलला. एक तळवा शिळेवर टेकला आणि दुसऱ्या हाताने घणाच्या दांड्याचा हलका ठोका दिला. मुठीएवढा दगड वरून सुटून त्याच्या खांद्याला घासून गेला. आतून हैबती ओरडला. लखमोजीने घण खाली ठेवला.

“घणानं वरचा थर खाली यील. पाचरी आणा.”

“पाचरीला दीस जाईल!”

“जाईल.”

“आन् त्यांचं काय?”

लखमोजी कोपऱ्यातल्या पाचरी आणायला वळला.

त्याने टाकीच्या माथ्याला ओले फडके गुंडाळले आणि अगदी हलक्या हाताने खाचा घ्यायला सुरुवात केली. बायकांनी चुली पेटवून पाणी तापवले, कारण ऊन पाण्याने लाकूड लवकर फुगते. घागरी वाहायला खुद्द पाटील होते. पाणी घालायचे काम सगुणाने कुणाला दिले नाही. ओळीने एकेका पाचरीवर ती धार धरी, मग फटीला तोंड लावून विचारी, “ऐकू येतंय का?” आधी म्हादू बोलायचा. मग तो बोलायचा थांबला आणि आतून दगडावर दगड वाजू लागला. मग तेही थांबले आणि फक्त हैबतीची ओ येऊ लागली. तरी ती विचारत राहिली.

लखमोजी शिळेला कान लावून होता. लाकूड कुरकुरताना त्याला ऐकू येत होते, पण दगड उकलत नव्हता. घण दोन पावलांवर पडला होता. त्या दिवशी तो कितीदा त्याच्याकडे वळला आणि कितीदा परत फिरला, हे तिथे उभ्या असलेल्यांनी पाहिले, असे सांगतात.

उन्हे डोंगराआड जायला आली तेव्हा वाळकी शेंग फुटावी तसा आवाज झाला. शिळा रेघेवर सरळ उकलली आणि अर्धी बाहेर घसरली. वरचा थर जागचा हलला नाही.

हैबतीला जिवंत काढले. त्याचा पाय कायमचा गेला. मग म्हादूला बाहेर आणले. सगुणाने त्याचा हात हातात घेतला आणि लखमोजीकडे पाहिले.

“मामंजी, हात अजून ऊन हाय,” ती म्हणाली. सासऱ्याशी ती बोलली ते तेवढेच, शेवटचे.

गावात पुढे पुष्कळ बोलणे झाले. कुणी म्हणे, घण घातला असता तर म्हादू वाचता. कुणी म्हणे, दोघेही गेले असते. हैबती मरेपर्यंत सांगत राहिला, “वर कुनी नुसता पाय आपटला तरी आमच्या तोंडात माती पडत हुती. घणानं आमचं पीठ झालं असतं.” पण हैबती जिवंत होता, म्हणून त्याचे म्हणणे लोक ऐकून घेत आणि गप्प बसत. लखमोजीने स्वतःची बाजू कधी मांडली नाही. घण घेतला तेव्हाही मीच घेतला आणि ठेवला तेव्हाही मीच, एवढेच तो पुटपुटे.

यात्रा आली. पालखी दीपमाळेपाशी थांबली, कारण पुढे माती होती. पाटील लखमोजीच्या दारात आले आणि हात जोडून म्हणाले, “माझा नवस अर्धाच राहू दे. भैरोबा मला काय शासन करायचं ते करील.” लखमोजी उंबऱ्यात बसून राहिला.

सगुणाला न्यायला तिचे भाऊ आले. ती गेली नाही. रोज ती सासऱ्याचे ताट वाढी, पाण्याचा तांब्या ठेवी आणि आत जाई. घरात बोलण्याचा आवाज उरला नाही.

पावसाळा सरल्यावर लखमोजी खाणीत गेला. त्याने रेघ मारली, खाचा घेतल्या, पाचरी बसवल्या आणि घागर उचलली. पण हात घागर कलती करेना. फटीत तोंड घालून विचारणारा तो आवाज त्याच्या कानात येई म्हणतात. रोज तो खाणीत जाई आणि कोरड्या पाचरींसमोर बसून संध्याकाळी परत येई.

अशाच एका सकाळी सगुणा खाणीत आली. त्या दिवसानंतर तिने तिथे पाऊल ठेवले नव्हते. डोक्यावर भरली घागर, पदर कपाळापर्यंत ओढलेला. लखमोजी उठून उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका पाचरीवर तिने पाणी घातले आणि जरा लांब एका दगडावर जाऊन बसली. तीही बोलली नाही, तोही बोलला नाही, नुसता उभाच राहिला. ऊन कलायच्या सुमारास दगड सरळ उकलला. ती उठली, घागर कमरेवर घेतली आणि पुढचे पाणी भरायला ओढ्यावर गेली.

दीपमाळेपासून गाभाऱ्यापर्यंतची सगळी फरशी अशी झाली. सगुणाने सासऱ्याला माफ केले होते, की तिला नवऱ्याच्या हातचे काम अर्धे टाकवले नाही, की आणखी काही तिच्या मनात होते, हे कुणाला कळले नाही. कुणी विचारलेही नाही म्हणे.

आजही देवळाची एखादी लादी फुटली तर नवी त्याच खाणीतून येते. गावात घराघरांत मशीनने कापलेली फरशी आली, पण त्या खाणीत घण नेत नाहीत. पाथरवट खाचा घेतो, पाचरी बसवतो आणि बाजूला होतो. पहिले पाणी त्याच्या घरची सून घालते. ती सासऱ्याकडे बघत नाही. दगड उकलेपर्यंत खाणीत कुणी शब्द काढत नाही, आणि तोवर सासरा, कितीही म्हातारा असो, खाली बसत नाही.