एका पायावरचा कारभार

एक होतं जंगल. तिथला राजा वाघ होता, पण तो निवडून आलेला होता. दर निवडणुकीला तोच निवडून येई, कारण मतमोजणीला तो जातीने हजर राही आणि बाकीचं कोणी थांबत नसे.

या जंगलात दर हिवाळ्यात दूरदेशीचा एक करकोचा येई. पाणथळीत एका पायावर उभा राही, मासे खाई आणि सल्ले देई. त्या वर्षी त्याने भर दरबारात विचारलं, "मी एका पायावर का उभा असतो, सांगा बरं?"

"दुसरा दुखतोय का?" वरून येसबा वानर म्हणाला.

येसबा जंगलाचा पहारेकरी. दिवसभर शेंड्यावर बसायचं आणि वाघ हलला की खोक्-खोक् ओरडायचं, हे त्याचं वडिलोपार्जित काम. त्याच्या जिवावर खाली चितळं निर्धास्त चरत.

"दुखत नाही," करकोचा म्हणाला. "एका पायावर भागतं. मग दुसरा कशाला झिजवायचा? ज्याच्यावाचून अडत नाही ते काढून टाका. आज थोडं, उद्या आणखी थोडं. रोज सुधारणा! आमच्याकडे कारखाना असो, दवाखाना असो, सगळं असंच चालतं."

वाघाला हे फारच आवडलं. प्रधान तरसाने तिथल्या तिथे घोषणा रचली, "नको ते काढू, जंगल वाढवू!" दुपारपर्यंत ती माकडांना पाठ झाली. पोपटांना आधीच होती.

मग सुधारणा सुरू झाल्या. सुगरण पक्ष्याचा नवरा दर मोसमात चार-पाच अर्धवट खोपे विणून ठेवी आणि बायको त्यातला एक पसंत करी. करकोचा म्हणाला, "हा काय पसारा? एकच विणा." त्याने एकच विणला. बायकोने तो बघितला, नाक मुरडलं आणि ती शेजारच्या बाभळीवर गेली. मधमाश्यांना सांगितलं, पोळ्यात साठा करायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढाच मध आणायचा. फुलं संपली तेव्हा माश्यांनी विचारलं, आता कुठून आणू? "हा पुरवठ्याचा प्रश्न आहे," तरस म्हणाला, "सुधारणेचा नाही."

भागाबाई चितळीण मात्र काळजीत होती. तिचं पाडस, ठिपक्या, अजून नीट पळायला शिकलेलं नव्हतं. तिने भीतभीत विचारलं, "साहेब, काय ठेवायचं नि काय काढायचं, हे ठरवायचं कसं?"

"ग्राहकाच्या नजरेने! जंगलाचा ग्राहक कोण?"

तेवढ्यात वाघाने जांभई दिली. सगळ्यांच्या माना आपोआप तिकडे वळल्या.

"एकमताने ठरलं," तरस म्हणाला.

ग्राहकाच्या नजरेने पाहिलं तर येसबाचं काम फारच वाईट दिसत होतं. करकोचा म्हणाला, "हा गृहस्थ दिवसभर बसून असतो. आणि ओरडलाच, तर ग्राहकाकडे निघालेला माल उलट्या दिशेने पळतो."

"माल म्हणजे काय हो?" भागाबाईने विचारलं.

"तुम्हीच की, भागाबाई," येसबा म्हणाला.

येसबाला शेंड्यावरून उतरवलं आणि राजाच्या गुहेबाहेर सुधारणेचा फलक धरून उभं केलं. भागाबाईची झोप उडाली. सकाळी तिने पाणथळ गाठली.

"साहेब, तुमच्याकडे कामात चूक दिसली तर काय करतात?"

करकोच्याला असं कोणी विचारलं की तो फुलून येई. "घंटा असते, बाई! कोणीही साधा कामगार दोरी ओढतो. सगळं काम जागच्या जागी थांबतं. मग पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ कारण सापडेपर्यंत. तोवर कोणी हलायचं नाही."

"मालकानेसुद्धा?"

"मालकाने तर नाहीच नाही."

"मग आपल्याकडे नको का अशी घंटा?" त्याच दुपारी भागाबाईने भर दरबारात विचारलं. परदेशी पाहुण्यासमोर वाघाला नाही म्हणता येईना. हरवलेल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐनाच्या झाडाला टांगली, तिला वेल बांधला. उद्घाटनाला वाघ गहिवरून म्हणाला, "बंधू-भगिनींनो, ही घंटा नाही, हे माझं काळीज आहे. केव्हाही ओढा!" टाळ्या पडल्या.

आणि एका सकाळी वाघ गवतातून ठिपक्याकडे सरकत गेला. शेंडा रिकामा, कोणी ओरडलं नाही. भागाबाईला पिवळं काहीतरी हललेलं दिसलं मात्र, तिने धावत जाऊन वेल दातात धरला आणि ओढला.

घण्ण!

सुतारपक्ष्याची चोच खोडात राहिली. वाघाचा पुढचा पंजा हवेत राहिला.

"कोणी हलू नका!" करकोचा आनंदाने ओरडत आला. "का वाजली?"

"वाघ आला म्हणून," भागाबाई म्हणाली.

"का आला?"

"भूक लागली," वाघ गुरगुरला.

"का लागली?"

"काल कोणी हाती लागलं नाही," तरस म्हणाला. त्यालाही लागली होती.

"का नाही लागलं?"

"पळाले सगळे."

"का पळाले?"

"वाघ आला म्हणून," घंटा ऐकून फलकासकट आलेला येसबा म्हणाला. "महाराज, पाय उचललात हे छान केलंत. एक कमी झाला."

या नियमांबद्दल ठिपक्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तो केव्हाच पळाला होता.

करकोचा हर्षाने नाचू लागला. "सापडलं मूळ कारण! पहिल्या आणि शेवटच्या 'का'चं उत्तर एकच, वाघ! म्हणजे आता काढून टाकायचं ते..."

इथे त्याने वाघाकडे पाहिलं. थंडी संपत आल्याचं त्याच्या एकदम लक्षात आलं. त्याने पोटातला दुसरा पाय बाहेर काढला, दोन्ही पायांनी धावला आणि उडाला. दुसरा पाय कशाला लागतो, ते तेवढं सगळ्यांना कळलं.

घंटा काढायची सूचना तरसाने केली, तेव्हा वाघ संतापला. "काळीज आहे ते माझं! लोकांचा हक्क आहे. ती तिथेच राहील." फक्त एक छोटीशी सुधारणा झाली. आतला लोलक, जो आपटून आवाज होतो, तो नाहक वजन म्हणून काढून टाकला.

घंटा अजून तिथेच आहे. दरवर्षी तिला हार घालतात. भागाबाई येता-जाता वेल ओढून बघते, ठिपक्यालाही ओढायला लावते. कोणी अडवत नाही. पण त्या दिवसापासून ती एकदाही वाजलेली नाही, आणि राज्य सुखात असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता, असं प्रधान प्रत्येक सभेत विचारतात.