कोंडलेली नदी आणि गोजराबाईंचा पडदा

विषय : घागरीत कोंडलेली शुभ्रवेणी नदी परत मिळणेबाबत.
संदर्भ : जादूगार धूम्रकेश याचा शाप, तोंडी.

एका राज्यात सिंहध्वज नावाचा राजा राज्य करत होता, म्हणजे सिंहासनावर बसत होता. दिवाण त्रिंबकपंत कारभार पाहत होते, म्हणजे पागोटं सांभाळत होते. त्यांच्या आसनामागे चिकाचा पडदा होता आणि पडद्यामागे दरबारच्या लेखनिक गोजराबाई. प्रश्न आला की दिवाण मान मागे कलती करत, गोजराबाई हळूच उत्तर सांगत, आणि दिवाण तेच खाकरून दरबाराला ऐकवत. अशी बावीस वर्षं सुखाने गेली. दिवाणांनी स्वतःच्या डोक्याने एकच हुकूम काढला होता : बाई पडद्यापुढे येऊन बोलली, तर तिने लेखणी ठेवून राज्याबाहेर जावे.

एके दिवशी धूम्रकेश दरबारात आला. त्याला कोणी बसा म्हटलं नाही. त्याने नदी उचलून घागरीत भरली.

"डोंगरावर तीन अडथळे ओलांडा," तो म्हणाला. "मग राज्यात ज्याचा हुकूम चालतो, त्याने नदीला हुकूम द्यावा. सातव्या दिवशी सूर्य मावळला, की नदी माझी."

विहिरी आटू लागल्या. राजा पालखीत बसला, दिवाण पालखीत बसले. पडदा चार भोयांनी उभा धरला आणि त्यामागून गोजराबाई चालत निघाल्या.

पहिल्या वळणावर सात फण्यांचा नाग होता.

"बाई, पळू का?" दिवाण कुजबुजले.

"फणे सात असले तरी पोट एकच. एका तोंडाला दूध द्या."

दूध दिलं. सातही फणे पेंगले.

दुसऱ्या वळणावर आगीची भिंत होती. "हिला शेवटची रजा कधी मिळाली, विचारा," गोजराबाई म्हणाल्या. भिंत म्हणाली, तीनशे वर्षांत नाही. रजा मंजूर होताच ती विझून गेली.

माथ्यावर, घागरीपाशी, दोन डोक्यांचा राक्षस पहारा देत होता. "दोघांत ज्येष्ठ कोण, तेवढं ठरवून घ्या म्हणावं." राक्षसाची डोकी एकमेकांवर तुटून पडली. वाट मोकळी झाली.

दिवाण खाकरले. "नदी, वाहा." घागर ढिम्म. राजाने हुकूम दिला. घागर ढिम्म.

घागरीच्या काठावर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "नदी आवाज ओळखते. बावीस वर्षं हुकूम कोणाचा?"

राजाने दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांनी पागोट्याला हात लावला. शेवटी म्हातारा भोई म्हणाला, "बाईंचा, महाराज. पडद्यातनं समद्यांना ऐकू येतंय की."

सातव्या दिवसाचा सूर्य कलला होता. बोललं तर लेखणी जाणार, गाव सुटणार. न बोललं तर गावच तहानेने जाणार. गोजराबाईंनी पदर खोचला, पडदा बाजूला सारला आणि पुढे आल्या.

"शुभ्रवेणी, पुरे झालं. चल घरी. वळणावर जपून उतर, खाली पोरंबाळं आहेत."

"आले हो बाई," नदी म्हणाली, आणि घागर फोडून डोंगर उतरू लागली. खाली घाटाघाटावर बायका हंडे घेऊन धावल्या. भोयांनी पडदा अंथरून त्यावर शिदोरी सोडली.

दिवाण पुढे झाले. "महाराज, एक हुकूम आहे..."

"पंत, तो तुम्ही बाईंना विचारून काढला होता?"

"नाही."

"तरीच," राजा म्हणाला आणि हुकूम रद्द केला. धूम्रकेशाला बसायला पाट दिला. शाप संपला.

मग राजाने गोजराबाईंना दिवाणपद देऊ केलं. त्रिंबकपंत म्हणाले, हरकत नाही, पण रीतसर अर्ज हवा. गोजराबाईंनी तो त्याच दिवशी दिला. तेव्हापासून त्या पुढच्या आसनावर बसून कारभार करतात. तंटे मिटतात, गाऱ्हाणी त्याच दिवशी ऐकली जातात. अर्जावर त्रिंबकपंतांचा अभिप्राय यायचा आहे. तो काय द्यावा, हे सांगायला त्यांच्यामागे आता कोणी नाही. सबब, अर्ज प्रलंबित आहे.