बुजवलेलं धुराडं

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. उंच डोंगराच्या पाठीवर ते गाव होतं. तिथला हिवाळा असा, की सकाळी रांजणातल्या पाण्यावर सायीसारखा बर्फ धरायचा.

त्या गावात घर बांधताना गवंडी आढ्याखाली, भिंतीत, एक वीतभर भोक ठेवायचा. त्याला म्हणायचे धुराडं. चुलीचा धूर तिथून बाहेर पडायचा. आणि गावाचा एक रिवाज होता. सकाळी उठल्यावर प्रत्येकानं आधी शेजारच्या धुराड्याकडे बघायचं. धूर दिसला, म्हणजे घरातली माणसं धडधाकट आहेत. नाही दिसला, तर हातातलं काम टाकून दार ठोठावायला जायचं. गावातली किती तरी आजारी, म्हातारी, एकटी माणसं त्या रिवाजावर तगून होती.

गावाच्या टोकाला एक नवरा-बायको राहायचे. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांची पहिली मुलगी गारठ्यानं गेली होती. सव्वा महिन्याचीही झाली नव्हती. तेव्हापासून बायकोनं वाऱ्याची धास्तीच घेतली. पान सळसळलं तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. आता पुन्हा घरात पाळणा हलला होता. मुलगा तीन महिन्यांचा होता, आणि हिवाळा पुन्हा दाराशी येऊन उभा होता.

"या खेपेला एक फट ठेवायची नाही," ती म्हणाली. "अहो, ऐकताय ना? एकसुद्धा."

"ऐकतोय," नवरा म्हणाला. "ऐकल्याशिवाय सुटका आहे का?"

खरं तर लिंपणाचे दिवस उलटून गेले होते. लिंपण करावं ऊन कडक असताना. थंडीत माती वाळत नाही, नुसती गारठते, आणि गारठलेली माती तडकते. पण पुढच्या उन्हाळ्याची वाट बघण्याइतका धीर तिला कुठला? नवऱ्यानं माती कालवली, तीत शेण आणि भाताचं तूस मिसळलं, आणि बोटं निळी पडेपर्यंत भिंती लिंपल्या. दुसऱ्या सकाळी बघतात तर भिंतभर भेगा.

"पाणी जास्त घातलंत," ती म्हणाली.

"तूस कमी दिलंस," तो म्हणाला.

पुन्हा लिंपली. पुन्हा तडकली. खिडकीला फळी ठोकली, तर खिळ्याबरोबर मातीचा ढपला खाली आला. ढपला भरला, तर फळी वाकडी झाली. दाराखालची फट बुजवली, तर दार उघडेना. दार तासलं, तर फट दुप्पट झाली. "हे घर आहे का चाळण!" असं ओरडून नवरा थापी आपटायचा. त्या आवाजानं ती दचकायची, ती दचकली की बाळ रडायचं, आणि बाळ रडलं की दोघं एकमेकांवर खेकसायची.

त्यात भर म्हणून एक उंदीर होता. बाळाचं अंथरूण भिंतीलगत असायचं, आणि नेमकं त्याच्या उशाशी, जमिनीलगत, उंदराचं बीळ. संध्याकाळी बुजवावं, सकाळी उघडं. इतर गोष्टींतले उंदीर बोलतात, दोन शब्द शहाणपणाचे सांगतात. हा बोलला नाही. तो नुसता कुरतडत राहिला.

"तुमचं लिंपण उंदराला फार गोड लागतं," बायको म्हणाली.

"मग त्याच्याशीच संसार कर. तो तरी उलटून बोलत नाही."

अशी एकेक फट बुजत गेली. दार आणि बीळ सोडलं, तर शेवटी उरलं ते धुराडं. अंथरुणावर पडलं की तिला ते काळं तोंड वासून बघत असल्यासारखं दिसायचं. मुलीला नेणारा वारा तिथूनच आला असणार, असं तिच्या मनानं घेतलं.

तिनं म्हाताऱ्या गवंड्याला बोलावणं धाडलं. तो आला, वर बघून हसला आणि मग ती गंभीर आहे हे कळल्यावर हसायचा थांबला.

"पोरी, ती फट नाही. घराचं नाक आहे ते."

"नाकातूनच सर्दी शिरते, बाबा."

"आणि चुलीचा धूर कुठं जायचा?"

याचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. "चूल पेटवणारच नाही मी. रानातल्या कोळसेवाल्यांकडून कोळसा आणीन, शेगडीवर भागवीन. कोळशाला कुठे धूर असतो?"

गवंडी नवऱ्याकडे वळला. "अरे, तू तरी सांग हिला."

नवऱ्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "बाबा, मला आता झोप हवी. हिनं सांगितलं तर मी आभाळसुद्धा लिंपीन."

"माझ्या हातानं भोकं ठेवली, बुजवली नाहीत," असं म्हणून गवंडी काठी टेकत निघून गेला. मग नवऱ्यानंच शिडी लावली आणि धुराडं बुजवलं.

घर उबदार झालं, हे खरं. बाळाचे गाल लाल झाले. कित्येक महिन्यांनी तिचा डोळ्याला डोळा लागला. सकाळी दोघांची डोकी जड व्हायची, पण ती थंडीमुळे, असं म्हणून तिनं कपाळाला फडकं बांधलं.

पहिल्याच सकाळी दारावर धाडधाड थापा पडल्या. ती किंचाळलीच. दारात शेजारच्या काकू, धापा टाकत, पदर खांद्यावरून सुटलेला.

"अगं, धूर दिसला नाही तुमचा! बरे आहात ना सगळे?"

काकू गेल्या, तर पाठोपाठ आणखी दोघं आली. दार उघडं राहिलं, कोंडलेली ऊब सगळी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी थापांनी बाळ जागं झालं आणि रडून रडून काळंनिळं पडलं. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, सांगा ना त्यांना काही तरी! जीव जाईल माझा अशानं."

नवऱ्यानं दार जेमतेम किलकिलं केलं. "काकू, आमच्या घरातून आता धूर निघत नाही. आम्ही मेलोबिलो नाही. उगाच दार वाजवत जाऊ नका."

काकूंचा चेहरा एवढासा झाला. "बरं बाबा," त्या म्हणाल्या. "नाही वाजवत."

त्या दिवसापासून ते दार कुणी वाजवेनासं झालं.

उरली होती दाराखालची फट. एका सकाळी, धुकं असं दाट की अंगणातला रांजण दिसेना, तेव्हा नवऱ्यानं जुन्या घोंगडीची पट्टी कापून दाराच्या तळाला घट्ट ठोकली. "घे," तो म्हणाला, "आता मुंगीसुद्धा विचारून आत येईल."

कोळसा संपत आला होता. तिनं पाटी उचलली. रानात जाऊन यायला दुपार कलणार होती. "बाळाला उचलू नका, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. शेगडी विझू देऊ नका. अडसर घाला, नाही तर वाऱ्यानं दार हलतं. आणि ते बीळ..."

"बुजवतो गं बाई, बुजवतो! जा तू."

त्यांच्या भांडणातलं ते शेवटचं वाक्य.

ती परतली तेव्हा धुकं विरलं होतं. उतारावरून सगळं गाव दिसत होतं. घराघरावर धुराच्या रेघा उठल्या होत्या, तेवढं तिचं घर सोडून. डोक्यावर पाटी घेऊन ती क्षणभर थांबली. खोटं कशाला सांगू, तिला अभिमान वाटला. अख्ख्या गावात आपलं एकच घर असं, की त्यातून ऊब बाहेर सांडत नाही.

दार आतून बंद होतं. तिनं हाक मारली. पुन्हा मारली. कान लावला तर आत काहीच नव्हतं. ना खोकला, ना थापीचा आवाज. एवढ्याशा आवाजानं दचकणारी ती, आता त्या शांततेनं दचकली. तिनं दार ढकललं, पण घोंगडीची पट्टी आणि अडसर दोन्ही तिच्याच सांगण्यावरून पक्के बसले होते. फळी ठोकलेली खिडकी हलेना. आत शिरायला एक फट नव्हती. तिनं किंकाळी फोडली.

गाव धावलं. म्हाताऱ्या गवंड्यानं पहार मागवली आणि माणसांनी लिंपलेली भिंत फोडली. आतली गरम, जड हवा सगळ्यांच्या तोंडावर आली. शेगडीत निखारे अजून मंद लाल होते.

नवरा बाळाच्या अंथरुणापाशी पालथा पडला होता. मुठीत ओल्या मातीचा गोळा होता, आणि मूठ बिळापासून हातभर अलीकडेच राहिली होती.

बीळ उघडं होतं. त्यातून वाऱ्याची बारीक धार येत होती, आणि त्या धारेत तोंड घालून बाळ निजलं होतं. तिनं त्याला उचललं. त्याचं नाक बर्फासारखं गार होतं. ते शिंकलं, आणि मग रडलं.

नवरा मात्र उठला नाही.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. "आत कसलाच आवाज नाही, म्हणून सकाळपासून तीनदा उंबऱ्यापर्यंत आले होते गं मी," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, तुम्हाला नाही आवडत..."

दहाव्यानंतर गवंडी भिंत बांधायला आला. "धुराडं पहिल्याएवढंच ठेवू?" त्यानं विचारलं.

"मोठं ठेवा," ती म्हणाली. "आणि बाबा, ते बीळ तसंच राहू द्या."

मुलगा त्या घरातच वाढला. हिवाळ्यात त्याला दोन घोंगड्या लागायच्या. आणि ती रोज पहाटे, स्वतः चहूकडची धुराडी मोजून झाली की, चुलीत मुद्दाम एक ओलं लाकूड घालायची, म्हणजे धूर दाट निघेल आणि लांबून दिसेल. डोळे चुरचुरायचे. गावाला वाटायचं, धुरानं पाणी येतंय.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: भीतीपोटी साऱ्या वाटा बुजवू नयेत, कारण त्यांतल्याच एखाद्या वाटेनं आपला श्वास येतो आणि शेजारीही.