ढगाळ दिवसाची टोपली

चैत्र वद्य पंचमी, बुधवार. आभाळ दाटलेलं, वारा पडलेला. एकदा काय झालं, अशाच सकाळी सोमा ढिवर तळ्यावर गेला. बघतो तर मासे वर येऊन तोंडं उघडतायत.

सोमाला आणि पारबताला मूलबाळ नव्हतं. होतं एक तळं, तळ्यात दोनशे मासे. त्यांत एक म्हातारी रोहू. ती बोलायची, बरं का. पण ऋतूला एकदाच.

पावसाळ्यात म्हणाली, "सोमा, तळं भरून वाहील. सांडव्याला जाळी लाव." त्यानं लावली. मग दुसऱ्यांचे मासे नाल्यात गेले, त्याचे राहिले.

हिवाळ्यात म्हणाली, "पाणी गार झालं. भूक कमी. मूठभर कोंडा पुरे." त्यानं तेवढाच टाकला. पाणी निवळ राहिलं.

उन्हाळा लागला तशी म्हणाली, "आभाळ आलं, वारा पडला, की कोंड्याची टोपली घरी ठेव. त्या दिवशी पाण्यात श्वास थोडा असतो. टाकलेलं कुजतं, ते आमचा श्वास खातं."

म्हणून त्या बुधवारी सोमा तसाच घरी आला.

पारबता म्हणाली, "अजी, लेकरं तोंड उघडून बसली, अन् तुम्ही हात हलवत आले?"

"म्हातारीनं नको म्हटलं आहे."

"म्हाताऱ्या नकोच म्हणतात. तुमची माय नको नको म्हणत दोनदा भात घ्यायची."

सोमाला हसू आलं. त्यालाही राहवत नव्हतं. मग त्यानं टोपली भरली.

एक टोपली टाकली. तोंडं उघडीच. दुसरी टाकली. तरी उघडीच. तिसरी घेऊन तो पाण्यात उतरला, तर रोहू त्याच्या पायाशी आली. तिनं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. आवाज नाही. उन्हाळ्याचं बोलणं तिचं बोलून झालं होतं.

सोमाला वाटलं, मागतेय. त्यानं आपल्या हातानं तिच्या तोंडात कोंडा घातला.

पहाटे तळं वर आलेल्या पोटांनी पांढरं दिसलं. सोमा काठावर बसला, ऊन डोक्यावर येईपर्यंत उठला नाही.

मग पावसाळ्यात त्यानं नवी पिल्लं सोडली. ढग आले की टोपली खुंटीला. मासे वाढले, गाव जेवलं, सोमा-पारबता सुखानं राहिली. तळ्यातलं कुणी पुन्हा बोललं नाही.

घ्या आता पांघरूण, मिटा डोळे. त्या दोनशांतले एकतीस जगले. म्हातारी त्यांत नव्हती.