खाडीखालचे दोन बोगदे

माणसांनी खाडीवर पूल बांधायच्या फार आधीची गोष्ट. अल्याडच्या उंदीर-घुशींना पल्याडचं भात हवं असे, पल्याडच्यांना अल्याडचं खोबरं. जायला-यायला वाट एकच, आडवा पडलेला माड. रोज सकाळी त्यावर रेटारेटी होई आणि जो घसरेल त्याला घार उचले. तुळसा घुशीचा नवरा तसाच गेला.

शेवटी खाडीखालून बोगदा काढायचं ठरलं. इकडून तुळसा खणणार, तिकडून गणोबा उंदीर, आणि मधोमध भेटायचं.

"भेटायचं म्हणे!" तुळसा जावेला म्हणाली. "त्याचा डोळा आपल्या खोबऱ्यावर आहे. मिशा बघितल्यास का मेल्याच्या?"

"मिशा तुम्हालाही आहेत, जाऊबाई."

महिनाभर खणल्यावर समोरून खरखर ऐकू आली. 'टपून बसलाय,' म्हणत तुळसाने नाक खाली वळवलं आणि ती गुपचूप पुढे खणत सटकली. तिकडे गणोबाला वाटलं, ही बया आपलं भात लुटायला आली. तो वरच्या अंगाने खणत सटकला.

तुळसा निघाली ती थेट गणोबाच्या बिळात, आणि गणोबा तिच्या! दोन्ही काठांवर एकदमच "चोर, चोर!" झालं. मग सगळ्यांनी डोकावून पाहिलं, तर बोगदे दोन. एक जायला, एक यायला. रेटारेटी संपली, घार उपाशी राहिली.

"हे ठरवून केलंत?" जावेने विचारलं.

"म्हणजे काय!" दोघं एका सुरात म्हणाली.

पुढे जन्मभर तुळसा येताना गणोबाच्या बोगद्यातून येई, दोन्हीकडच्या मिशा भिंतींना लावत लावत. मेल्याने आपला बोगदा चार केस तरी जास्त रुंद केलाय, अशी तिची खात्री होती.